सॉइलोनियातली सावड

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. माझ्या नावावर जमीन आहे आणि ती मोबाइलमध्ये आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कंपनीत सगळे हसले. आमचा सुपरवायझर तर पोट धरून हसला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हळूच येऊन विचारून गेला की ते डाउनलोड कुठनं करायचं.

गेमचं नाव सॉइलोनिया. नकाशावर हजारो प्लॉट, प्रत्येकाला एक मालक. पेरायचं, पाणी द्यायचं, पीक काढायचं, बाजारात विकायचं. असले गेम पूर्वीही होते, लोक गाजरं पिकवत बसायचे. फरक एवढाच, की हा ब्लॉकचेनवर चालतो. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मला यूट्यूबवर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, आणि तिघांनाही ते कळलेलं नव्हतं. मग मी माझ्यापुरतं समजून घेतलं. जमीन कुणाची, ही नोंद एका दप्तरात नसते. जगभरच्या कॉम्प्युटरांत एकाच वेळी असते. एकाला चहा पाजून, दुसऱ्याला दम देऊन ती बदलता येत नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या नावावर वीतभर वावर नव्हतं. असली नोंद मला का आवडली हे ज्याला कळत नाही, त्याला समजावून सांगायला मी बसलेलो नाही.

प्लॉट मला सोडतीत लागला. नव्या खेळाडूंसाठी गेमवाले सोडत काढतात. कालव्याला लागून, काळ्या मातीचा, झकास तुकडा. माझ्याबरोबर अभयनंही नाव टाकलं होतं, त्याला काही लागलं नाही. म्हणून त्यानं दोन प्लॉट विकत घेतले. जमीन म्हटल्यावर एका तुकड्यावर भागवायची त्यांच्या घरात सवय नाही.

अभय वाळूजला माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. पाचोडला त्यांची बागायत आहे, ती सध्या दुसऱ्याला बटईनं दिलेली. हा इथं हर्सूलला रो-हाउस घेऊन राहतो, आईबापाला घेऊन. मी तिथंच मागच्या गल्लीत भाड्यानं राहतो. माझा बाप अभयच्या बापाकडं, सर्जेरावांकडं, सालगडी होता. वर्षाच्या बोलीवर बांधलेला माणूस. एक दिवस त्यानं बोली मोडली, गाठोडं उचललं आणि आम्हाला शहरात आणलं. बाप आता नाही. आई आहे, चंपाबाई. तिच्यापुढं सालगड्याच्या दिवसांच्या गोड आठवणी कुणी काढू नयेत, असा माझा सल्ला आहे.

"संघ्या, प्लॉट तुला लागला खरा," अभय पहिल्या दिवशी म्हणाला, "पण शेतीतलं तुला काय कळतं रे?"

"तुला कळतं?"

"आमच्या रक्तात हाय ती."

रक्तातल्या शेतीनं त्यानं दोन्ही प्लॉटवर ऊस लावला. तो निघाला की परत ऊस. मग परत ऊस. गेममध्ये एकच पीक सारखं घेतलं की माती हिरव्याची पिवळी होते, पिवळ्याची राखाडी. शिवाय पाणी आसपासच्या प्लॉटांत मिळून असतं. त्याच्या उसानं शेजारच्यांचंही पाणी ओढलं आणि शेजारी त्याला नकाशावरून शिव्या पाठवायला लागले. कुठल्या भाषेतल्या होत्या कुणास ठाऊक, पण शिव्या होत्या एवढं कळत होतं.

"अरे, पीक बदल," मी म्हणालो.

"आमच्याकडं ऊसच लावतात."

दोन हंगाम प्लॉट पडीक राहिला की गेमवाले तो काढून घेतात. प्रत्येक पडीक हंगामाला नावापुढं एक लाल खूण लागते. राखाडी मातीत काही उगवेना, अभयला दोन्ही प्लॉटवर दोन-दोन खुणा लागल्या आणि रक्तातली शेती संपली.

मी काय केलं? मी नियम वाचले. इंग्रजीत होते, डोक्यावरून जात होते, तरी डिक्शनरी घेऊन वाचले. मला कुणी शाळेत बसवून शहाणं केलेलं नाही, त्यामुळं वाचायला लागलो की मी चिकटतो. आधी घेवडा, मग बटाटा, मग सूर्यफूल असं फिरवत राहिलो. सगळे ज्या दिवशी विकतात त्या दिवशी विकायचं नाही, हे दोनदा आपटल्यावर शिकलो. मातीला विश्रांती द्यायची म्हणून एक हंगाम सबंध प्लॉट मोकळा ठेवला, आणि गेमनं त्यालाच पडीक धरून माझ्या नावापुढं एक लाल खूण ठोकली. मोकळा ठेवणं आणि पडीक टाकणं यातला फरक कॉम्प्युटरला कळत नाही, हाही एक धडाच. प्लॉट मात्र हिरवागार होता. आई रोज सकाळी चष्मा लावून विचारायची, "आपल्या वावराला पाणी पाजलं का रे?" पुढं बायकोनं, सुलेखानं, आईच्या फोनवरही गेम टाकून दिला. सोडतीत आईलाही एक तुकडा लागला. ती बोटाच्या टोकानं नाही, बोटाच्या पेरानं ठोकून ठोकून पाणी द्यायची. फोनची काच तडकली, पण बटाटा चांगला आला.

प्लॉट गेल्यावर अभयनं आठवडाभर गेमचं नाव काढलं नाही. मग मशीनवर तेल सोडता सोडता म्हणाला, "तुझ्याकडं टेनंट ठेवता येतो ना?"

"येतो. निम्मं पीक त्याचं."

"म्हणजे बटई."

"म्हण की बटई."

"मला ठेव," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून, "अण्णांना सांगू नको फक्त."

मी सांगितलं नाही. अण्णांनीच, म्हणजे सर्जेरावांनीच, बघितलं.

हर्सूलला तलावाकडं जाताना पुंडलिकचं हॉटेल लागतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, सहा टेबलं, भजी, कट चहा आणि फुकट वायफाय. पुंडलिकचा गल्ला चहापेक्षा वायफायवर चालतो. पुंडलिकही सॉइलोनिया खेळायचा, मिरची लावायचा. सर्जेराव गुडघे दुखायला लागल्यापासून रोज तिथं येऊन बसायचे. पाचोड सुटलेलं, वावर दुसरा करतो, घरात टीव्ही सुनेचा. करणार काय माणूस?

एक दिवस त्यांनी अभयच्या हातातल्या फोनवर नजर टाकली.

"हे कुणाचं वावर?"

"गेम हाय, अण्णा."

"ते दिसतंय. कुणाचं?"

अभयनं माझ्याकडं बघितलं.

"माझं," मी म्हणालो.

"आन हा काय करतोय त्यात?"

"बटईनं करतोय," मी म्हणालो. सावकाश म्हणालो. मला मजा आली, आणि ती लपवायची मला काही गरज वाटत नाही.

सर्जेराव फोनकडं बघत राहिले. चहावर साय धरली. पुंडलिकनं भजी तळायची थांबवली. मला वाटलं आता फोन तलावात जातोय. पण त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मान पुढं काढली आणि विचारलं, "बांध कुठंय?"

"बांध नसतो यात, काका. रेघ असते."

"बिनबांधाचं वावर? शेजारी कोण?"

नाव बघितलं. शेजारी फिलिपिन्सचा होता.

"तो कोरणार तुझी रेघ," सर्जेराव ठामपणे म्हणाले. "काटेरी कुंपण घाल आजच. आन त्याला निरोप दे, म्हणावं आमच्यात रेघेला हात लावत नसतात."

दुसऱ्या दिवशी त्यांचं स्वतःचं खातं होतं. नाव ठेवलं होतं 'सर्जेराव पाचोडकर पाटील'. सोडतीत त्यांना प्लॉट लागला तो खुलताबादच्या डोंगरावर उचलून ठेवल्यासारखा, नुसता दगड. त्याच दिवशी त्यांनी गेमवाल्यांना मराठीत तक्रार पाठवली की आमच्यासारख्याला असली जमीन देणं बरोबर नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. सबंध प्लॉटवर एकच पीक लावलं तर जादा उतारा मिळतो. मी हावरटपणानं सगळीकडं सूर्यफूल लावलं. आणि ते सगळं एकाच दिवशी पिकलं. गेममध्ये माणसाला कुठल्याही प्लॉटवर, आपल्या किंवा दुसऱ्याच्या, एका काढणीला ठरावीक ताकद मिळते. तेवढंच पीक काढता येतं. त्यात नकाशावर ढग आला: मंगळवारी रात्री आठला वादळ. मी आणि अभयनं जीव टाकला तरी तिसरा हिस्सा निघाला असता. निम्म्याच्या वर पीक वादळात गेलं की हंगाम पडीक धरतात. पडीक म्हणजे दुसरी लाल खूण. दुसरी खूण म्हणजे प्लॉट गेला.

शनिवारी संध्याकाळी पुंडलिककडं मी डोकं धरून बसलो होतो, शेजारी आई आपल्या वावराला पाणी देत होती. सर्जेरावांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली.

"अरे, मग सावड करा ना! इतके जण हाव इथं. उद्या सगळे मिळून याचं काढू. मग हा एकेक दिवस आपल्याकडं येईल. उभं पीक असं जाऊ देतात का?"

सावड तुम्हाला ठाऊक असेल. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. पैसे नाहीत, मजुरी नाही, दिवसाला दिवस. ज्याचं वावर त्यानं जेवण घालायचं. गावाकडच्या या रीतीबद्दल लोक लई गोड गोड लिहितात. एक गोष्ट लिहीत नाहीत. सावड वावरवाल्यांची वावरवाल्यांशी होते. माझ्या बापाला आयुष्यात कुणी सावडीला बोलावलं नाही. त्याला कामाला बोलवायचे. ज्याच्याकडं वावरच नाही त्याची फेड कशी करणार, असा त्यातला साधा हिशोब, आणि त्या हिशोबानं माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथल्या तिथं राहिली.

तेव्हा सर्जेराव 'सावड' म्हणाले, आणि आईनं वर बघितलं. मीही बघितलं. ज्यानं म्हटलं त्याच्याच ते ध्यानात आलं नाही. समोर पिकलेलं पीक आणि वर ढग बघितला की त्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं कबूल करतो.

रविवारी सकाळी पाच जण पुंडलिकच्या वायफायवर बसलो. मी, अभय, आई, पुंडलिक आणि सर्जेराव. सर्जेराव गेम खेळत नव्हते, सैन्य चालवत होते. प्रत्येकाला काढायची एकेक ओळ, म्हणजे पात, त्यांनी वाटून दिली होती.

"पुंडलिक, तुझी पात मागं राहिली!"

"अण्णा, गिऱ्हाईक हाय. भजी जळतील."

"भजी जळू दे. पात सोडू नको!"

"नक्को टेन्शन लो, अण्णा. एका हातानं झारा, एका हातानं सूर्यफूल."

आई सगळ्यात पुढं होती. काचेवर पेरानं ठक ठक ठक. दुपारी तिनं भाकरी, भरीत आणि ठेचा काढला. वावर आमचं, जेवण आमचं. सगळे तुटून पडले. सर्जेराव म्हणाले, "मला पथ्य हाय." आणि पुंडलिकची तेलात पोहलेली भजी दोन बशा खाल्ली. आईनं त्यांच्या वाटची भाकरी परत फडक्यात बांधली.

जेवून परत बसलो. निम्मंही व्हायचं होतं, तेवढ्यात पाचही फोन एकदम लाल झाले.

सुलेखा एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. गेम खेळत नाही, खेळणाऱ्यांना नावं ठेवते. तिला फोन करून बोलावलं. तिनं उभ्या उभ्याच वाचलं.

"पाच खाती, एकच इंटरनेट, एकच वेळ, आणि पाचही जण एकाच शेतात. त्यांना वाटतंय एकच माणूस पाच फोन घेऊन बसलाय. शेत बंद केलंय. मंगळवारी साडेचारला व्हिडिओवर चौकशी. पटलं तर उघडतील."

"आन नाय पटलं तर?" अभय.

"बाकीच्यांना नुसती ताकीद. संघपालचं शेत बंदच राहणार."

म्हणजे आठला वादळ, उरलेलं पीक मातीत, दुसरी खूण, प्लॉट गेला. बाकी कुणाच्या केसालाही धक्का नाही. जायचं ते माझंच जाणार होतं. गेमनं गावाकडून एवढं तरी बरोबर उचललं होतं.

मंगळवारी पहिली पाळी संपवून आम्ही थेट पुंडलिककडं आलो. सर्जेराव पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा घालून आधीच हजर. लग्नाच्या बैठकीला आल्यासारखे. टेबलावर सुलेखाचा लॅपटॉप. पडद्यावर कानाला हेडफोन लावलेली एक पोरगी आली, मारिसोल नावाची. दमलेली दिसत होती. दिवसभर लबाड लोकांशी बोलून माणूस दमतं तशी.

तिनं आधी सगळ्यांचे चेहरे बघितले. मग म्हणाली, आणि सुलेखानं मराठीत सांगितलं, "चेहरे पाच आहेत, पण भाड्यानंही आणता येतात. मालक एक आणि बाकी त्याची माणसं, असं रोज बघते मी."

"एक मालक?" पुंडलिक म्हणाला. "मॅडम, इथं चहाचे पैसे कोण देणार यावर रोज मारामारी होते."

सुलेखानं तेही सांगितलं. मारिसोल हसली नाही.

अभयची पाळी लवकर उरकली. तो टेनंट, त्याची नोंद ब्लॉकचेनवर होतीच. फक्त "मी संघपालचा बटईदार हाय" हे बापासमोर मोठ्यानं म्हणताना त्याचा आवाज उंदरासारखा झाला. पुंडलिक म्हणाला, माझी मिरची वेगळी, माझं वावर वेगळं, याचा एक दिवस माझ्याकडं यायचाय, नाही आला तर उधारी बंद. आई लॅपटॉपच्या इतकी जवळ गेली की तिकडं फक्त तिचं कपाळ दिसलं असणार. "जयभीम, बाई. हा माहा पोरगा हाय. पण वावर माहं हाय. त्यानं दिलेलं नाय, सोडतीत लागलंय. त्याच्या वावरात म्या एक दिवस घातला, तो मला फेडणार हाय. आई म्हणून माफ नाय करणार."

मारिसोलनं काहीतरी लिहून घेतलं. मग सर्जेराव.

"सांग तिला," ते छाती काढून म्हणाले, "आम्ही पाचोडचे. आन हा संघपाल म्हणजे काय परका नाय. आमच्याच गड्याचा पोरगा. आमच्याच वावरात खेळून मोठा झाला. आमचाच माणूस म्हण की."

सुलेखा थांबली. "काका, हे असंच सांगू?"

"सांग की. खोटं हाय का?"

"खोटं नाही. पण तिला हेच ऐकायचंय. मोठा मालक तुम्ही, हा तुमचा माणूस, शेताला नाव फक्त त्याचं. याला ती फ्रॉड म्हणते."

"फ्रॉड कामून?"

"बेनामी," सुलेखा म्हणाली.

हा शब्द सर्जेरावांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. सरकारनं जादा जमिनी काढून घेतल्या त्या सीलिंगच्या काळात कुणाची जमीन कुणाच्या नावावर जाऊन बसली होती, हे त्यांच्या पिढीला झोपेतही सांगता येतं. त्यांनी टोपी सारखी केली.

"मग मदत सांग. माणुसकीनं मदत केली म्हणावं."

"मदत म्हणजे फुकट. फुकट राबणारी माणसं ज्याच्याकडं असतात तोही त्यांना चालत नाही. देवाणघेवाण असेल तरच चालते. तुमचा एक दिवस त्याच्याकडं, त्याचा एक दिवस तुमच्याकडं. दोघं मालक, दोघं बरोबरीचे. असं असेल तर सांगते."

 हॉटेलात फक्त कढईचा आवाज. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पुंडलिक, दोन कट!" पुंडलिकनं हातानंच त्याला गप्प केलं.

"सर्जेराव," आई म्हणाली. मालक नाही, पाटील नाही. "शनिवारी सावड हा शब्द कुणाच्या तोंडातून निघाला?"

"माह्याच."

"मग आता घशात काय अडकलं?"

"तसं नाय, चंपाबाई. घाईत बोललो. सावड म्हणजे... ती बरोबरीच्या जोडीदारासंगं असती."

"बरं. मग?"

ते वर बघेनात. मला लहानपणापासूनचं इतकं काही बोलायचं होतं की सगळं एकदम दारात येऊन अडकलं आणि एवढंच बाहेर पडलं: "राहू द्या. सुलेखा, बंद कर ते. जमीन जाऊ दे. माझा बाप यांच्या मेहरबानीवर जगला नाही, माझं सूर्यफूलही जगणार नाही."

"संघ्या, येडा झाला का?" अभय ताडकन उठला. "निम्मं पीक माहं हाय! तुझा मान राहील, मी मरंन ना! अण्णा, बोला की! बटईदाराच्या पोटावर कामून पाय देता?"

"गप," सर्जेराव म्हणाले.

"नाय गप. मालकाचं भांडण मालकाशी, आन बुडतो बटईदार! असं असतंय का कुठं?"

असंच असतं, पण हे त्याला आजवर कुणी खालच्या बाजूनं दाखवलंच नव्हतं. सर्जेरावांनी पोराकडं बघितलं. मग माझा फोन ओढून घेतला. चष्मा नाकावर. पडद्यावर थोडं रान मोकळं आणि बाकीच्यात सूर्यफुलं उभी, माना टाकायला लागलेली. वर ढग.

"हे एवढं सगळं उभंच हाय अजून?"

"बंद केलंय ना त्यांनी."

"आन वारं आठला?"

"आठला."

त्यांनी अंगठ्यानं काचेवर एक सूर्यफूल काढायचा प्रयत्न केला. निघालं नाही. परत केला. मग पडद्याकडं वळून, मारिसोल नदीच्या पल्याड उभी असल्यासारखं ओरडले, "ए पोरी! सावड! सावड होती ती!"

सुलेखानं सांगितलं. मारिसोलनं काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, पूर्ण सांगा. शेत कुणाचं? तुम्ही कोण? फेड काय?"

"कळलं ना तिला!"

"पूर्ण सांगा म्हणते, काका. रेकॉर्ड होतंय."

सर्जेरावांनी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "वावर संघपालचं हाय. मालक तोच हाय. माहं वावर डोंगरावर हाय, दगडाचं. मी त्याच्या वावरात एक दिवस राबलो. तो माह्या वावरात एक दिवस राबणार. उद्याच राबणार! आन नाय राबला तर त्याला मी बघून घेईन, हे पण सांग तिला!"

"हेही सांगू?"

"शब्दाला शब्द सांग."

"बघून घ्यायला या तुम्ही," मी म्हणालो. "तुमच्या दगडात कोण येतंय?"

"येतंय कोण म्हणजे? दिवस घातलाय मी! नरडं धरून नेईन!"

"हात तर लावून बघा!"

अभय मध्ये पडला. आई म्हणाली, "लागू द्या त्यांचं, कवाचं तुंबलंय." सुलेखा भराभरा सगळं इंग्रजीत सांगत सुटली. आणि मारिसोल पहिल्यांदा हसली. हसून काहीतरी म्हणाली आणि तिनं एक बटण दाबलं.

"काय म्हणाली?" आम्ही दोघं एकदम.

"म्हणाली, कुठलाच माणूस स्वतःला एवढ्या जोरात धमकी देत नाही. उघडलंय शेत. पाच वेगळे मालक... चूक, चार मालक आणि एक बटईदार. पण फेड दिसली पाहिजे म्हणते. नाही दिसली तर परत बंद."

सव्वापाचला पाचही फोन हिरवे झाले.  सूर्यफूल काढत राहिलो. पुंडलिकनं गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, चहा स्वतः ओतून घ्या. वादळ आलं तेव्हा रानात शेवटच्या दोन ओळी तेवढ्या उभ्या होत्या. दुसरी खूण लागली नाही. प्लॉट माझा राहिला. त्या आठवड्यात सूर्यफुलाचा भाव पडला, पण तो विषय अभयसमोर काढू नका. त्यानं पडत्या भावातच विकलं.

बुधवारी मी फेडीला गेलो. आईही आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "मी पण एक दिवस घालते. माहं पण वावर हाय, मला पण सावडकरी लागतील." दिवसभर आम्ही सर्जेरावांच्या डोंगरावरचे दगड वेचले. एक दगड उचलायला तीन वेळा दाबावं लागतं. माझा अंगठा सुजला.

"नीट वेच," सर्जेराव माझ्या डोक्यावर उभे. "तो कोपऱ्यातला राहिला."

"काका, मी सावडीला आलोय, कामाला नाही. ओरडायचं नाही."

"सावडीवाला हायस तर सावडीवाल्यासारखं उरक ना! माह्या गुडघ्यानं रविवारी तुझ्यापेक्षा जास्त काढलं होतं!"

"भजी खाऊन!"

"पथ्य होतं मला!"

एका व्हिडिओ कॉलनं माणूस बदलतो, असं मी काही लिहिणार नाही. असल्या गोष्टी लिहिणारे वेगळे, आणि त्यांना बक्षिसंही मिळतात. सर्जेराव अजून गावच्या लोकांपुढं "गड्याचा पोरगा" म्हणूनच माझी ओळख करून देतात. मी तिथल्या तिथं त्यांच्या पोराची ओळख "माझा बटईदार" अशी करून देतो. अभय म्हणतो, तुमच्या दोघांत माझं काय चाललंय?

पण आईचा बटाटा काढायला आला, तेव्हाची गोष्ट सांगून संपवतो. संध्याकाळी तिनं सुलेखाला म्हटलं, "त्यांना फोन लाव."

"कुणाला?"

"सर्जेरावांना. म्या दिवस घातलाय त्यांच्या डोंगरावर."

फोन लागला. आईनं तो तोंडासमोर भाकरीसारखा आडवा धरला. "जयभीम, सर्जेराव. चंपाबाई बोलते. उद्या माह्या वावराची बारी हाय. सकाळी सहाला पुंडलिककडं या. ऊन व्हायच्या आत उरकू."

 तिकडून आवाज आला, "गेममध्ये ऊन कुठं असतंय, चंपाबाई?"

"माह्या वावरात असतंय," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळी सहाला आम्ही पुंडलिककडं. सर्जेराव नाहीत. आईनं दोनदा रस्त्याकडं बघितलं. मी म्हणालो, येत नाही तो. तिनं आपली पात धरून ठक ठक सुरू केली. सहा वाजून गेले आणि तलावाच्या बाजूनं गुडघा धरत धरत सर्जेराव आले. एका हातात काठी, एका हातात चार्जरसकट फोन.

आईनं मान वर केली नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली. "त्या कडंची पात धरा तुम्ही. आन बटाटा खोल हाय, अर्धा ठेवून पुढं जाऊ नका."

सर्जेरावांनी चष्मा सदऱ्याला पुसला, प्लगमध्ये चार्जर खुपसला आणि पात धरली.